पोटखराबा

मराठी भाषेत ‘शांती’ आणि ‘शांत’ असे दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांतला पहिला जितका दुर्मिळ तितकाच दुसरा खर्चिक आहे, ही गोष्ट मनुष्याच्या नीट ध्यानात येण्यास त्याला वयाची साठ वर्षे पुरी करावी लागतात. शांती मनाला लाभते. शांत घरात करावी लागते. शांती कोणाकडे केव्हा आली आणि केव्हा निघून गेली याची वार्ता भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासही लागत नाही. उलटपक्षी कोणाकडे शांत असली, की आदल्या दिवसापासून मांडवाचे बांबू, आचाऱ्याची चुलाणे, परगावचे आप्त आणि त्या आप्तांची मुले यांच्या योगाने साऱ्या आळीची झोप हराम होते. नवे घर बांधले की वास्तुशांत करतात, म्हणजे गवंडी आणि सुतार यांच्या तडाख्यातून जो काही निवांतपणा त्या वास्तूत चुकून शिल्लक राहिला असेल त्याचाही निकाल लागतो. मूल मूळ नक्षत्रावर जन्माला आले की नक्षत्रशांत करतात, आणि जगात येऊन पुरता महिनाही न झालेल्या त्या जीवास धूर, शंखध्वनी आणि आत्याबाईंचे मुके यांची एकदमच ओळख करून देतात. आणि या दोहोंतून तगून जो साठीपर्यंत येऊन पोचतो त्याची साठीशांत करतात. या सर्व विधींना ‘शांत’ हे नाव ज्या कोणी प्रथम दिले, त्याच्या विनोदबुद्धीपुढे आम्हां लेखणी खरडणाऱ्यांनी हात टेकावेत हेच बरे.

मी महसूल खात्यात तेहतीस वर्षे चाकरी केली आणि अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून, नियत वयोमानाप्रमाणे, अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होऊन वाईस आमच्या वडिलार्जित घरी राहावयास आलो. कृष्णेचा घाट हाकेच्या अंतरावर, गच्चीवर उभे राहिले की एका अंगास पांडवगड, दुसऱ्या अंगास पसरणीच्या घाटाची वळणे, आणि नदीच्या काठी गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळात बसलेला तो विशालकाय ढोल्या गणपती. अशा गावी निवृत्त माणसास शांती लाभली नाही तर ती अन्यत्र कोठे लाभणार, असा माझा प्रामाणिक समज होता. त्या देवळाची मागली भिंत माशाच्या आकाराची, येणाऱ्या प्रवाहाकडे निमुळते तोंड करून बांधलेली आहे. कृष्णेस पूर आला की पाणी त्या धारेवर येऊन दुभंगते आणि देवास वळसा घालून दोहों बाजूंनी मुकाट निघून जाते. लहानपणी घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहून तो देखावा मी अनेकदा पाहिला होता, आणि सेवानिवृत्तीनंतर आपल्याही आयुष्यास अशीच मत्स्याकार पाठ फुटेल, संसाराचे लोंढे तिच्यावर आपटून डावीउजवीकडून निघून जातील आणि आपण मध्ये पोटावर हात ठेवून स्वस्थ बसू, असे एक चित्र मी मनाशी रंगवून ठेवले होते. त्यातले पोट तेवढे वेळेवर साधले.

पहिली दोन वर्षे निवृत्तिवेतनाचे कागद रुजू करण्यात गेली. जन्मभर ज्या खिडकीच्या आतल्या बाजूस बसलो तिच्या बाहेरच्या बाजूस उभे राहण्याचा प्रसंग आला, आणि ‘उद्या या’ या दोन शब्दांत केवढा अर्थ साठवता येतो हे, ते शब्द स्वतः सहस्रावधी वेळा उच्चारूनही, मला तोवर कळले नव्हते. अखेरीस दाखला मिळाला, निवृत्तिवेतन सुरू झाले, आणि आता तरी आपण निवांत झालो असे वाटते न वाटते तोच चिरंजीव आणि सुनबाई यांनी, आमच्या सौभाग्यवतींच्या संमतीने आणि माझ्या माघारी, माझी साठीशांत मुक्रर केली.

मुहूर्त काढण्यास गुरुजी आले. मी जन्माचा कारकून. कोणत्याही कामास आरंभ करण्यापूर्वी त्यासंबंधीचे पूर्वीचे दप्तर आणि पुढची तरतूद पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. म्हणून शांती एकूण किती, असे मी विचारले, आणि गुरुजींनी जी यादी सांगितली ती ऐकून माझ्या हातातला चहा निवाला. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठाव्या वर्षी उग्ररथ, पासष्टाव्या वर्षी मृत्युंजय महारथी, सत्तराव्या वर्षी भैमरथी, पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री, ऐंशी उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी रौद्री. म्हणजे शासनाच्या पंचवार्षिक योजना बंद पडल्या तरी शास्त्राच्या चालूच आहेत, आणि नावे तर अशी की ती घेऊन रणांगणावर जावे.

“रौद्री? ही शांतच ना?” मी विचारले.

“शांतच,” गुरुजी म्हणाले, “पण ती करायची वेळ फार थोड्यांवर येते, काका. तुमची आता उग्ररथ.”

सहस्रचंद्रदर्शनाविषयी मात्र आमचा किंचित वाद झाला. ते ऐंशी वर्षे आठ महिने म्हणू लागले; मी कागद-पेन्सिल घेतली. वर्षाच्या पौर्णिमा बारा, आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाची एक जादा. या हिशेबाने हजाराव्या पौर्णिमेस माणूस ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिन्यांचा होतो. शिवाय हे झाले केवळ उदयाचे. दर्शन म्हणावे तर आमच्या भागात पावसाळ्यातल्या तीन-चार पौर्णिमा ढगांआड जातात, त्या वजा केल्या असता प्रत्यक्ष हजार चंद्र दृष्टीस पडण्यास शंभरी ओलांडून बरेच पुढे जावे लागेल, असे मी सप्रमाण दाखवून दिले. गुरुजींनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि दक्षिणेचा आकडा वाढवून सांगितला.

शांतीचा दिवस पौषातला होता. पहाटे पाच वाजता मला नवे धोतर नेसवून पाटावर बसवण्यात आले, आणि तेथून पुढे दुपारी दीड वाजेपर्यंत माझ्या देहावर जे जे प्रयोग झाले त्यांचा पंचनामा केला तर तो एका पानात मावणार नाही. कृष्णाकाठच्या थंडीत कलशातल्या पाण्याने अभिषेक झाला. होमाच्या धुराने डोळे गेले. मांडी घातल्या ठिकाणी डाव्या पायाने प्रथम मुंग्या आणि नंतर पूर्ण असहकार पुकारला. आणि ‘यजमानांनी मन प्रसन्न ठेवून संकल्प करावा’ असे गुरुजी म्हणत असता माझ्या कानी मागील दारातून आचाऱ्याचा असा प्रश्न आला, की गॅसची दुसरी टाकी आहे की नाही, आणि नसल्यास जिलबीचा घाणा अर्ध्यावर उतरवू काय. यानंतर परातीत कणकेचे साठ दिवे लावून मला ओवाळण्यात आले. आपल्या आयुष्याची साठ वर्षे एका ओळीत मांडून पेटवलेली पाहण्याचा योग प्रत्येकाला येत नाही; त्यांतले तीन-चार दिवे आधीच विझले होते, आणि ती बहुधा माझी बदलीवरची वर्षे असावीत.

ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी एक सुंदर कल्पना केली आहे. शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा म्हणून आला, आणि त्या निमित्ताने उरलेल्या रसांनाही पंगतीचा मान मिळाला, असे ते म्हणतात. आमच्या घरी त्या दिवशी या कल्पनेचा अक्षरशः प्रत्यय आला. अद्भुत हा आमच्या मामेसासऱ्यांच्या रूपाने आला होता. वय वर्षे चौऱ्याऐंशी, दातांची जमा शून्य, आणि जिलब्या अकरा. रौद्र मागील अंगणात गॅसच्या टाकीपाशी उभा होता. करुणरस स्त्रियांच्या खोलीत होता, परंतु त्याचे कारण शोक नसून होमाचा धूर होते. भयानक हा मांडववाल्याच्या बिलात दडून बसला होता आणि तो सायंकाळी प्रकट झाला. बीभत्स अळूच्या भाजीचे पातेले कलंडले तेव्हा. वीर तो, ज्याने त्या सांडलेल्या अळूवरून मठ्ठ्याची बादली न सांडता नेली. शृंगाराची तर नावे घेण्याच्या मिषाने इतकी ओढाताण झाली, की छत्तीस वर्षांच्या संसारानंतर सव्वाशे माणसांसमक्ष सौभाग्यवतींचे नाव यमकात गुंफताना मला ते नावच क्षणभर आठवेना, आणि मग हास्यालाही आसन मिळाले. सारे रस आले, जेवले आणि आहेर घेऊन गेले. घरात कोठे दिसला नाही तो एक यजमान.

आहेरांत पुस्तके नऊ होती, आणि ती नऊच्या नऊ मनःशांतीवर होती. साठी झालेल्या माणसास लोक एकतर शाल देतात किंवा सल्ला देतात. शाली माझ्यापाशी पुष्कळ झाल्या असाव्यात असा लोकांचा तर्क झाला असावा. धाकटे मेहुणे इगतपुरीस, जेथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात, त्या धम्मगिरीवर दहा दिवस राहून नुकतेच आले होते. पहाटे चारला उठून, दहा दिवस आर्यमौन पाळून बसणे ही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि त्यांनी ते ज्या निष्ठेने पाळले त्याबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार आहे ती केवळ वसुलीबाबत, कारण दहा दिवसांच्या मौनाची थकबाकी त्यांनी, व्याजासह, एकट्या माझ्याकडून, एकाच बैठकीत वसूल केली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर मला पहाटे घाटावर त्यांच्या हास्यमंडळात घेऊन गेले. तेथे बारा वृद्ध गृहस्थ कृष्णेकडे तोंड करून, हात आकाशाकडे उभारून, कोणताही विनोद झालेला नसताना मोठ्याने हसतात. मी दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी मला खरोखरच हसू आले, आणि ते नियमात बसत नाही असे कळल्यावरून मी नाव कमी करून घेतले.

एका सकाळी मी मेणवलीस गेलो. मेणवली वाईपासून कोसभर. नाना फडणविसांचा वाडा, नदीवरचा घाट, मेणेश्वराचे देऊळ, आणि १७३९ साली वसई सर झाल्यानंतर तिकडून आणलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा. अशा ठिकाणी एखाद्या पायरीवर बसून पाण्याकडे पाहात राहावे, एवढाच माझा हेतू होता. परंतु २००४ च्या ‘स्वदेस’पासून, आणि त्याच्या आधीपासूनही, या घाटाचे रूप चित्रपटवाल्यांच्या डोळ्यांत भरलेले आहे, त्या दिवशीही तेथे कसलेसे चित्रीकरण चालले होते. घाटावर वाटेल तितके दोरखंड, दिवे आणि छत्र्या, आणि मध्ये एक तरुण गृहस्थ हाती कर्णा घेऊन दर पाच मिनिटांनी “सायलेन्स!” असे इतक्या मोठ्याने ओरडत होते, की पलीकडच्या तीरावर धुणे धुणाऱ्या बायकांचे हात थांबत. संपूर्ण घाटावर तेवढा एकच आवाज होता. मी अर्धा तास शांतता ऐकली आणि परतलो.

याच सुमारास नातवाने माझ्या मोबाइलमध्ये ध्यानाचे एक ॲप बसवून दिले. त्यात एक स्त्री अतिशय मृदू स्वरात श्वास आत घ्यावयास सांगते, आणि तो बाहेर सोडण्याची परवानगी देण्यास इतका विलंब लावते, की माझ्यासारख्या आज्ञाधारक सेवकाचा जीव कासावीस व्हावा. मन आवरणे हे वारा आवरण्यासारखे कठीण आहे, अशी कैफियत अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात खुद्द श्रीकृष्णापाशी गुदरली होती, आणि तीवर अभ्यास व वैराग्य असा दुहेरी निकाल मिळाला होता. या ॲपवाल्यांनी त्यातली वैराग्याची बाब अजिबात वगळून अभ्यास तेवढा मासिक वर्गणीवर उपलब्ध करून दिला आहे. एवढ्यावरही माझे काही म्हणणे नव्हते. परंतु ते यंत्र नोंद ठेवते. आपण सलग सहा दिवस शांत होता, असे ते सहाव्या दिवशी कळवते. सातव्या दिवशी मी वडिलांचे श्राद्ध असल्यामुळे गुंतलो, तर रात्री पावणेदहा वाजता, डोळा लागत असतानाच, आपण आज शांत झाला नाहीत, अद्याप वेळ गेलेली नाही, असा तगादा आला. माझ्या सेवाकाळात सारावसुलीच्या नोटिसा मी स्वहस्ते लिहिल्या आहेत, पण झोपलेल्या खातेदारास उठवून शांत होण्याची नोटीस बजावण्याचे मला कधी सुचले नव्हते. मी उठलो, चष्मा लावला, दहा मिनिटे घाईघाईने शांत झालो, आणि मग उजाडेपर्यंत जागा राहिलो.

घरात या उद्योगाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते तेही सांगितले पाहिजे. संस्कृत साहित्यशास्त्रात शांतरसाचा दावा बराच काळ वादग्रस्त होता. भरतमुनींच्या मूळच्या यादीत रस आठच. नववा शांत मागाहून आला आणि अभिनवगुप्तासारखा वकील मिळाला म्हणून कायम झाला. तरीही दशरूपककार धनंजयाने त्यास नाटकात थारा देण्याचे साफ नाकारले, कारण सर्व व्यापार जेथे थांबतो तेथे नटाने रंगभूमीवर करावयाचे काय? सौभाग्यवतींनी दशरूपक वाचलेले नाही, परंतु त्या धनंजयाच्या पक्षाच्या आहेत. मी सोप्यावर पाठीचा कणा ताठ ठेवून, डोळे मिटून, चित्त भ्रूमध्यावर आणून बसलो असता त्या आल्या, दोन क्षण उभ्या राहिल्या, आणि माझ्या मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मेथीच्या दोन जुड्या ठेवून म्हणाल्या, “अहो, रिकामेच बसला आहात तर एवढी निवडून द्या.”

हताश होऊन मी पुस्तकांकडे वळलो; म्हणजे आहेरातल्या नव्हे, कोशांकडे. आमचे गाव कोशांचे आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली येथेच चालले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली, आणि ‘श’ हे अक्षर या प्रवासात कोणत्या टोकास येते हे सांगणे नलगे. अकारविल्हे लावलेल्या कोणत्याही कोशाचा क्रम मनाशी धरून पाहावा: वाद, विवाह, वैताग आणि व्याज हे सगळे ओलांडल्यावर शांती येते, आणि ती येऊन बसते न बसते तोच पुढच्या पानावर शिमगा आणि शेजारी हजर असतात. मनःशांतीच्या पाठीस मनस्ताप लागलेलाच आहे. समाधान म्हणावे, तर ते संसारानंतर आणि सासुरवाडीच्या आधी अशा चिंचोळ्या पट्टीत सापडते. वर्णमाला ज्यांनी लावली ते गृहस्थ विवाहित असले पाहिजेत.

येथवरच्या हकिकतीत मी एक गोष्ट नोंदलेली नाही. लपवावी असे तिच्यात काही नव्हते. ती नोंदण्यासारखी वाटलीच नाही, म्हणून राहिली. ती शांतीच्या दुसऱ्या दिवसाची आहे.

त्या दिवशी अकराच्या एस.टी.ने शेवटचे पाहुणे गेले. चिरंजीव मांडववाल्याशी हिशेबाची हुज्जत घालावयास गेले होते, सुनबाई आणि सौभाग्यवती माजघरात ज्या पडल्या त्या पडल्या, आणि आळीच्या मंडळाकडून आणलेली भांडी परत करावयाची होती ती मागल्या पडवीत पालथी घातलेली होती. ताटे सव्वाशे, वाट्या अडीचशे, पेले सव्वाशे, पळ्या बारा, पातेली सात, परात एक, याप्रमाणे. यादीवर माझी सही होती, तेव्हा ती यादीबरहुकूम परत करणे ही जबाबदारी माझी. मी गोणपाटावर बसलो, जुन्या पंच्याचा फडका घेतला आणि पुसायला लागलो. एक वाटी पुसावी, तळाचा मंडळाचा तांबडा ठिपका पाहावा, चवडीवर ठेवावी. दहा झाल्या की दुसरी चवड. पुसलेल्या वाटीत वाटी बसते तेव्हा बारीक, ओलसर असा एक आवाज होतो. घाटावर कोणीतरी धुणे आपटत होते. एक कावळा पन्हळीवर बसून जिलबीचा तुकडा पायाखाली धरून होता. तो मला भीत नव्हता आणि मी त्याला हाकलत नव्हतो. पडवीतले ऊन ताटांवरून पेल्यांवर आणि पेल्यांवरून माझ्या गुडघ्यावर आले.

वाट्या दोनशे एक्कावन्न भरल्या. पुन्हा मोजल्या, दोनशे एक्कावन्न. कारकुनी पेशातल्या माणसास ठाऊक आहे, की तूट ही तितकीशी वाईट गोष्ट नव्हे. तूट भरून देता येते आणि प्रकरण मिटते. वाढावा मात्र घातक, कारण त्याचा खुलासा करावा लागतो. म्हणून तिसऱ्यांदा, चवडी मोडून, एकेक मोजू लागलो. आमच्या खात्याचे वर्ष ३१ जुलैला संपते. त्या तारखेस रात्री उशिरापर्यंत कंदिलाच्या उजेडात, बाहेर पाऊस कोसळत असता, ताळेबंदाची आडवी बेरीज आणि उभी बेरीज शेवटच्या पैशापर्यंत जुळली, की मी आणि माझ्या हाताखालचा कनिष्ठ कारकून एकमेकांकडे न पाहता काही वेळ नुसते बसत असू. मग तो चहा सांगावयास उठे. तीस-बत्तीस वर्षांत हे घडले, आणि त्याविषयी आम्ही एकमेकांशी कधी एक शब्दही बोललो नाही. ते सारे त्या पडवीत मला आठवत होते असेही नाही. मी फक्त वाट्या मोजत होतो.

“अहो, बरं आहे ना?” सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. “दोन तास झाले, आवाज नाही की काही नाही. मला वाटलं, काय झालं काय!”

दोन तास झाले होते. मी इतका वेळ स्वस्थ होतो, ही बातमी मला अशा रीतीने, सहीशिक्क्याने, अन्य कार्यालयाकडून प्राप्त झाली, आणि ती प्राप्त होताक्षणीच माझी पाठ दुखू लागली, डाव्या पायास मुंग्या आल्या, आणि मांडववाल्याचे बिल आठवले.

शहरी वाचकांस ‘पोटखराबा’ हा शब्द वैद्यकीय वाटण्याचा संभव आहे, विशेषतः अकरा जिलब्यांच्या उल्लेखानंतर. म्हणून खुलासा करतो. सातबाराच्या उताऱ्यावर शेताच्या एकूण क्षेत्रातून लागवडीस योग्य नसलेले जे क्षेत्र वजा दाखवतात त्यास पोटखराबा म्हणतात. कोठे खडक असतो, कोठे ओढ्याची घळ, कोठे विहिरीशेजारचा मुरमाड तुकडा. ही जमीन शेतातच असते, मोजणीत धरतात, खातेदाराच्याच मालकीची असते. पण तिच्यावर आकार नाही. तिच्यातून कोणी काही मागत नाही. तेहतीस वर्षांत मी जेवढ्या शिवारांच्या पाहण्यांना गेलो, तेथे दुपारी शेतकरी भाकरी सोडून बसलेला आढळे तो बहुतेक वेळा या तुकड्यावर; कारण आंब्याचे किंवा बाभळीचे एखादे झाड नांगराच्या तावडीतून सुटून तेथेच वाढलेले असे. माझ्या आयुष्याच्या उताऱ्यावरही, बारकाईने पाहता, अशी चार-दोन गुंठे जमीन निघते. पण तिचे क्षेत्र मला सांगता येणार नाही, कारण मोजावयास गेले की ती आक्रसते. अलीकडे नियम असा झाला आहे, की असा पोटखराबा शेतकऱ्याने खपून लागवडीखाली आणला, तर तो लागवडीयोग्य क्षेत्रात दाखवून त्यावर आकारणी करता येते. सरकारचे धोरण योग्यच आहे. त्या ध्यानाच्या ॲपनेही माझ्याबाबतीत हेच केले, एवढेच मी म्हणतो. एकवीस गाव नमुने आमच्या खात्यात आहेत, आणि त्यांतल्या एकातही शांतीचा रकाना नाही, ही मी पूर्वी प्रशासकीय उणीव समजत असे. नातू सुट्टी संपून गेला तेव्हा मी ते ॲप काढून टाकले. ते काढून टाकतानाही त्याने, आपण नक्की जात आहात काय, असे दोनदा विचारले.

राहिली ती वाढाव्याची वाटी. मंडळाचा माणूस हातगाडी घेऊन आला, त्याने आपली अडीचशे वाट्यांची गणती करून यादीवर ‘पोचले’ असा शेरा मारला, आणि जी एक उरली ती उलटी करून पाहून परत माझ्या हातात दिली. तिच्या बुडाशी तांबडा ठिपका नव्हता. तिच्या कडेला नाव घातलेले होते. पण घासून घासून ते पुसट झाले होते, आणि कोणा कुटुंबाचे आडनाव, गाव, तारीख काहीच लागत नव्हते. ‘वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट’ एवढी अक्षरे मात्र भिंगातून पाहता स्वच्छ वाचता आली. कोणाची तरी शांत, कोणत्या तरी पंगतीतून, कोणाच्या तरी चुकीने, बिनबोलावता आमच्या घरी आली होती. मी आळीत चार ठिकाणी विचारपूस केली, हेडमास्तरांस दाखवली, मामेसासऱ्यांस पत्र घातले. कोणीही तिच्यावर हक्क सांगितला नाही.

“राहू द्या फडताळात,” सौभाग्यवती म्हणाल्या, “कोणी मागायला आलं तर देऊ.”

दुपारी चारला चहाबरोबर मला वाटीभर चुरमुरे लागतात. ते मी हल्ली तीतूनच घेतो. दीड वर्ष होत आले. अजून कोणी मागावयास आलेले नाही.